श्वासाचा नेम

दरवर्षी २१ जूनला सकाळी सहाच्या सुमाराला बेळगावात फेरी मारली, तर शाळांची पटांगणं, मंगल कार्यालयं, देवळांचे सभामंडप माणसांनी भरलेले दिसतात. २०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघानं हा दिवस योगासाठी ठरवला आणि २०१५ पासून तो पाळला जातो. त्या सकाळी माणसं मनापासून बसतात. नाकपुडी धरतात, डोळे मिटतात, आणि चटई गुंडाळताना एकमेकांना सांगतात, "उद्यापासून रोज बसायचं." मग पाऊस धरतो. खानापूरच्या अंगानं ढग येऊन बसले की चार-चार दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, पहाटे पांघरुणातून हात बाहेर काढवत नाही. जुलै उजाडेपर्यंत चटई कपाटाच्या मागे गेलेली असते.

आमच्या गल्लीत एक आजी राहतात. वय ऐंशीच्या घरात. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की त्या हरिपाठ म्हणायला बसतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे चाललं आहे. पावसाळ्यात म्हणतात, अंगात कणकण असली तर पडून म्हणतात, लेकीकडे चिकोडीला गेल्या तरी तिथला कोपरा गाठून म्हणतात. सवय कशी लावावी हे त्यांना कुणी शिकवलं नाही. त्यासाठी त्यांच्याकडे एक शब्द आहे, नेम, आणि तेवढा त्यांना पुरतो.

प्राणायाम टिकत का नाही, असं मला कुणी विचारलं की मला त्यांना आधी या आजींच्या ओसरीवर नेऊन बसवावंसं वाटतं. मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. गेली काही वर्षं घराच्या माडीवर सात-आठ शेजारणींना आणि त्यांच्यापैकी कुणाच्या घरच्यांना श्वासाचा अभ्यास शिकवते. जे टिकले आणि जे सुटले त्यांच्याकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. सुटलेल्या बहुतेकांनी आठ दिवसांत जे करायला घेतलं, ते आठ महिन्यांचं होतं. टिकलेल्यांनी फार थोडं केलं, पण ते रोज केलं.

थोडं म्हणजे किती आणि कसं, ते सांगायचंच आहे. त्याआधी श्वास घेताना शरीरात काय चालतं ते पाहू. कारण कळलं की माणूस आपोआप हळू होतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

पाइपातलं पाणी

फुप्फुसांना स्वतःहून फुगता येत नाही. छाती आणि पोट यांच्या मधे घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात. तो आवळला की खाली सरकतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. तो सैल पडला की वर जातो आणि हवा बाहेर पडते. खाली सरकताना तो पोटातल्या अवयवांना दाबतो, म्हणून श्वास घेताना पोट पुढे यायला हवं. झोपलेल्या तान्ह्या बाळाचं पोट पाहा, ते असंच वरखाली होत असतं. मोठेपणी आपण पोट आत ओढून, खांदे उचलून श्वास घ्यायला लागतो. खांदे उचलून हवा येते, पण थोडी येते आणि मान आखडते ती वेगळीच.

मोठं माणूस स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतं आणि एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. यातली सगळी हवा कामाला येत नाही. नाक, घसा, श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर हवा राहते. ती रक्तापर्यंत पोचतच नाही, आली तशी परत जाते.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळतं. विहिरीवर मोटार आहे, शेत लांब आहे, मधे लांबलचक पाइप आहे. मोटार सुरू केली की आधी पाइप भरतो आणि मग शेतात पाणी पडतं. आता समजा, मोटारीची थ्री-फेज वीज दर दोन मिनिटांनी जातेय आणि दर वेळी पाइप रिकामा होतोय. दिवसभर मोटार घरघरली तरी पाणी पाइप भरण्यातच जाणार आणि वाफा कोरडाच राहणार.

घाबरलेलं माणूस मिनिटाला ३० वेळा, पाव-पाव लिटरचा उथळ श्वास घेतं असं धरा. एकूण हवा साडेसात लिटर. त्यातली पाइपातच राहणारी, ३० गुणिले १५० मिलिलिटर, म्हणजे साडेचार लिटर. कामाला आली तीन लिटर. तेच माणूस मिनिटाला ६ वेळा, एक-एक लिटरचा सावकाश श्वास घेऊ लागलं तर एकूण हवा सहाच लिटर, म्हणजे आधीपेक्षा कमी. पण पाइपात गेले फक्त ९०० मिलिलिटर, आणि कामाला आली पाच लिटरच्या वर. कष्ट कमी, फळ जास्त. संथ श्वासाचा पहिला फायदा हा असा साध्या वजाबाकीतला आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'प्राणायामानं रक्तातला ऑक्सिजन खूप वाढतो' असं सर्रास सांगितलं जातं. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं होतं, ते आठवा. निरोगी माणूस काहीही न करता नुसता बसला तरी आकडा ९५ ते १०० च्या मधे असतो. भांडं मुळातच जवळजवळ काठोकाठ भरलेलं आहे, त्यात आणखी ओतणार किती? जोरजोरात श्वास घेतल्यावर जे झपाट्यानं बदलतं ते कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण. तो कमी होतो.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे टाकाऊ वायू, गेला तर बरंच, असं आपण शाळेत शिकलो. पण 'आता श्वास घे' ही आतली हाक बहुतांशी त्याच्या वाढण्यामुळेच उठते. शिवाय तो रक्तातून फार कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. मी स्वतः सुरुवात केली ती टीव्हीवर बघून, भरभर कपालभाती करून, म्हणजे पोटाला झटके देत जोरानं श्वास सोडून. तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले आणि उठून उभी राहिले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी कुणी म्हणालं, "शक्ती जागी होतेय, करत राहा." ती शक्ती नव्हती. कार्बन डायऑक्साइड नको इतका बाहेर गेला होता. तुम्हाला असं झालं तर थांबा आणि साधा श्वास सुरू ठेवा, थोड्या वेळात सगळं जागेवर येतं.

याच कारणासाठी एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरं विहिरीत सूर मारतात, बुडी मारून कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावतात. बुडीआधी कुणीही कपालभाती किंवा भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात घेतलेला श्वास) करू नये, भराभर खोल श्वासही घेऊ नयेत. कार्बन डायऑक्साइड आधीच कमी केला तर 'वर ये' ही हाक उशिरा येते. ती यायच्या आत ऑक्सिजन संपून पाण्यातच शुद्ध हरपू शकते. पट्टीच्या पोहणाऱ्यांचेही जीव असे गेले आहेत. घरातल्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

सुस्काऱ्यात काय असतं

आता उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. तीन-चार श्वासांत लक्षात येईल की घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब जातात. तरुण माणसांत हे ठळक कळतं, वय वाढतं तसं अंधूक होतं. मेंदूपासून घसा, छाती आणि पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. तिचं एक काम हृदयाला 'हळू' म्हणणं हे आहे. श्वास सोडताना तिचा आवाज मोठा होतो, घेताना बारीक होतो. म्हणून सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला निवांतपणाचा निरोप जास्त वेळ मिळतो.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. संकट टळलं की आपण 'हुश्श' करतो. ओझं उतरलं की सुस्कारा सोडतो. हे दोन्ही श्वास बाहेर जाणारे आहेत. रागावलेल्याला आपण म्हणतो, "जरा दम खा." प्राणायामाचं पहिलं पाऊल म्हणजे हा सुस्कारा आपण होऊन, रोज, ठरल्या वेळी सोडायला शिकणं. म्हणून माझ्या माडीवर मी पहिले पंधरा दिवस श्वास घेण्याबद्दल जवळजवळ बोलतच नाही. सोडणं नीट झालं की घेणं आपसूक होतं. डबा रिकामा केल्याशिवाय त्यात नवीन काही मावत नाही.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर येत होता, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चपळ होत होती. या गतीला हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि श्वास यांची लय एकमेकींत चांगली बसते. हे मी वाचलं तेव्हा मला आजींचा हरिपाठ आठवला. अभंगाची ओळ एका दमात म्हणायची, ओळ संपली की श्वास घ्यायचा, पुन्हा ओळ. सोडणं लांब, घेणं छोटं. त्या साठ वर्षं नामस्मरण करत आल्या, आणि त्या नामाच्या पोटात श्वासाची ही शिस्त गुपचूप बसलेली होती.

नाकानंच श्वास घ्यायचा हा आग्रहही निराधार नाही. नाकात हवा गाळली जाते, ओलसर आणि कोमट होते. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. तो श्वासाबरोबर खाली उतरून फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करायला मदत करतो. २००२ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की तोंड मिटून गुणगुणलं, तर नाकातून बाहेर पडणारा हा वायू शांत श्वासाच्या मानानं सुमारे पंधरा पट वाढतो. भ्रामरीत आपण भुंग्यासारखा आवाज करतो तो हाच. एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी जड वाटते, तोही आजार नसतो. नाकाच्या आतलं अस्तर काही तासांच्या अंतरानं आळीपाळीनं फुगतं आणि ओसरतं.

आधी पडून

सुरुवात झोपून करावी असं मी सांगते तेव्हा लोकांना ते प्राणायामासारखं वाटत नाही. त्यांना मी आपल्याच गावची एक हकिगत सांगते. १९३० च्या दशकात म्हैसूरचे योगाचार्य टी. कृष्णमाचार्य यांच्या शिष्यांचा धारवाड, हुबळी, बेळगाव असा प्रात्यक्षिकांचा दौरा झाला. तेव्हा इथे सिव्हिल सर्जन होते डॉ. व्ही. बी. गोखले. त्यांच्यावर या प्रात्यक्षिकांची छाप पडली. निवृत्त होऊन ते पुण्याला गेले, आणि त्यांच्या पुढाकारानं १९३७ मध्ये त्या शिष्यांपैकी अठरा वर्षांचा एक मुलगा पुण्यात शिकवायला आला. तो म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असं सगळं भोगून आलेलं अशक्त पोर होतं ते. आसनांत जग जिंकलेल्या या माणसाला प्राणायाम मात्र सहज आला नाही, सुरुवातीची कित्येक वर्षं त्यात अपयश येत होतं असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यांच्या पद्धतीत प्राणायामाची सुरुवात पाठीखाली घडी घातलेलं कांबळं घेऊन, पडूनच होते. बसून पाठ ताठ ठेवायची आणि श्वासही सांभाळायचा, ही दोन कामं नवख्याला एकदम झेपत नाहीत.

म्हणून पहिले पंधरा दिवस असे घालवा. जमिनीवर चटई, डोक्याखाली छोटी उशी, गुडघे दुमडलेले किंवा खाली लोड घेतलेला. एक तळहात पोटावर ठेवा. डोळे मिटून फक्त बघा. हात वर येतो, खाली जातो. दोन मिनिटांनंतर, सोडलेला श्वास संपला असं वाटलं की आणखी अर्धा क्षण थांबून उरलेला जाऊ द्या. घेण्याची घाई नको. पाच मिनिटं झाली की कुशीवर वळून उठा. बास. दहा मिनिटं करावीशी वाटली तरी पाचच करा, कारण उद्यासाठी थोडी भूक शिल्लक राहायला हवी.

पंधरा दिवसांनी बसा. मांडी घालून बसा, भिंतीला टेका, गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. पाठ सरळ, खांदे सैल. आता मोजणी आणा. घड्याळाच्या काट्याकडे बघत मोजलं की मन काट्यातच अडकतं, म्हणून मी मनातल्या मनात 'रामकृष्णहरी' म्हणायला सांगते. सावकाश म्हटलं की त्याला साधारण दोन सेकंद लागतात. दोन वेळा म्हणत श्वास घ्यायचा, तीन वेळा म्हणत सोडायचा. झाले दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. माझ्या वर्गातल्या लिंगायत मैत्रिणी 'ॐ नमः शिवाय' म्हणतात, एक जण नुसते आकडे मोजते. सगळं चालतं. दहा सेकंद जड जात असतील तर भरभर म्हणून सात-आठ सेकंदांवर आणा. श्वास कोंडल्यासारखं वाटलं, पुढचा श्वास घाईनं ओढावा लागला, तर समजायचं की मोजणी आपल्या ताकदीपेक्षा मोठी धरली आहे.

महिन्या-दीड महिन्यानं अनुलोम-विलोम घ्या. उजवा अंगठा उजव्या नाकपुडीशी, अनामिका डावीशी. उजवी बंद करून डावीनं घ्या, डावी बंद करून उजवीनं सोडा. उजवीनंच घ्या, डावीनं सोडा. हा एक फेरा. बोटं नाकपुडीवर टेकवायची, नाक दाबून वाकडं करायचं नाही. पाच-सहा फेरे पुरेत. शेवटी भ्रामरीचे चार-पाच श्वास, आणि मग मिनिटभर नुसतं बसणं. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

श्वास रोखून धरणं, म्हणजे कुंभक, या यादीत नाही. तो जाणकारासमोर बसून शिकायचा विषय आहे. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, म्हटलं आहे, 'यथा सिंहो गजो व्याघ्रो भवेद्वश्यः शनैः शनैः'. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही, आणि घाई केली तर तो साधकालाच मारतो, असं त्याच श्लोकात पुढे आहे. ज्या कपालभातीनं लोक सुरुवात करतात, ती या ग्रंथात प्राणायामात धरलेलीच नाही. धौती, नेती यांच्या शेजारी, शरीरशुद्धीच्या षट्कर्मांत तिची जागा आहे.

पतंजलींच्या सूत्रांत प्राणायामाला दोन विशेषणं लावली आहेत, दीर्घ आणि सूक्ष्म. दीर्घ आपल्याला पटकन कळतं, सूक्ष्म सुटून जातं. शेजारी बसलेल्याला तुमच्या श्वासाचा आवाज ऐकू येत असेल तर तो अजून सूक्ष्म झालेला नाही.

नेम कसा धरायचा

याच सूत्रांत अभ्यास कशानं पक्का होतो तेही आहे: 'स तु दीर्घकालनैरन्तर्यसत्कारासेवितो दृढभूमिः'. दीर्घकाळ, खंड न पाडता, आदरानं. आजींचा नेम तपासून बघितला तर तिन्ही त्यात सापडतात. आणि आणखी एक, जे मला फार मोलाचं वाटतं. त्या घड्याळ बघून बसत नाहीत, दिवा लागला की बसतात. त्यांचा हरिपाठ आधीच रोज होणाऱ्या एका कामाला बांधलेला आहे.

तुमच्या दिवसात असं न चुकणारं काम शोधा. माझ्या वर्गातल्या एकीनं चहाशी गाठ मारली आहे: आधी पाच मिनिटं श्वास, मग चहाचं आधण. कडोलीहून येणारी एक बाई पहाटे धार काढते, डेअरीला दूध घालून येते आणि हातपाय धुऊन तिथेच पडवीत बसते. 'सकाळी पाच वाजता' हा तिचा नेम होऊच शकला नसता, कारण पाच वाजता म्हैस वाट बघत असते. वडगावातला एक मुलगा मागावर रात्रपाळी करतो. तो सकाळी घरी येऊन अंघोळ करतो आणि झोपायच्या आधी बसतो. ब्राह्ममुहूर्त चांगला, यात वाद नाही, पण रात्रपाळीच्या माणसाला तो सांगून उपयोग काय? पोट तेवढं रिकामं हवं. जेवणानंतर तीन-चार तास, चहा-बिस्किटानंतर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

जागा एकच ठेवा. दोन फुटांचा कोपरा पुरे, पण तोच. कांबळं तिथेच दिसेल असं ठेवा, कपाटात नको. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे आपण दूधवाल्याचा खाडा मांडतो तिथेच, बसलो त्या दिवशी पेन्सिलीनं एक टिंब द्या.

किती दिवसांत अंगवळणी पडेल? एकवीस दिवसांत असं ऐकलेलं असतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात ९६ जणांनी रोजची एकेक नवी सवय लावून पाहिली. ती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी वाटली: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. माझ्याकडची माणसं चुकलेल्या दिवसामुळे सोडत नाहीत. चुकल्याची खंत वाटून दुसऱ्या दिवशी तोंड दाखवत नाहीत, तिथे सुटतं. घरात लग्न निघालं, सुतक आलं, पोराची परीक्षा आली, तर तीन श्वास घ्या. खरंच, तीनच. भांडी घासून हात पुसताना उभ्या-उभ्या. दिनदर्शिकेवर टिंब द्या.

आपल्या भागातल्या काही अडचणी पुस्तकात नसतात. पावसाळ्यात निम्म्या लोकांची नाकं चोंदलेली असतात. नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी अनुलोम-विलोम करून नाकाशी झुंजू नका. पडून पोटावर हात ठेवण्याकडे परत जा. जलनेती, म्हणजे पाण्यानं नाक धुणं, करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. नळाचं किंवा विहिरीचं कच्चं पाणी नाकात घालणं जिवावर बेतू शकतं. उसाचा हंगाम सुरू झाला की फडात पाला पेटवतात आणि धूर खाली बसून राहतो, अशा दिवशी उघड्यावर बसू नका. बऱ्याच घरांत अंघोळीच्या पाण्यासाठी अजून बंब किंवा चूल पेटते. त्या धुरात खोल श्वास घेण्यापेक्षा जागा किंवा वेळ बदला. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका संध्याकाळी थेट बसतात, त्यांना मी आधी नाक-तोंड धुवा, लुगडं बदला आणि मगच बसा असं सांगते.

कुणी जपून करावं? रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, हर्निया किंवा पोटाचं नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखणं टाळावं. साध्या संथ श्वासाबद्दलही डॉक्टरांच्या कानावर घालावं. दमेकऱ्यांनी पंप बंद करू नये, रक्तदाबाची गोळी मनानं सोडू नये. श्वासाचा अभ्यास औषधाच्या जोडीला बसतो, त्याच्या जागी नाही. श्वासाकडे लक्ष दिल्यावरच काही जणांचा जीव घाबरा होतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा अंगणात चालत-चालत पावलांवर मोजावं. त्यात कमीपणा काही नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी, काही न करता बसले असताना मिनिटाला किती श्वास होतात ते मी वहीत लिहिते. आकडा हळूहळू उतरतो, मधेच चढतोही. झोप लवकर लागते का, भाजी जळली तेव्हा आवाज किती चढला, जिना चढून आल्यावर बोलायला किती वेळ लागला, हेही लिहिते. डोळ्यांपुढे प्रकाश दिसला की नाही, हे कुणालाच विचारत नाही.

मागच्या आषाढात आजींना धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं. औषध सुरू झालं. डॉक्टरांनीच हळू श्वास घ्यायला सांगितलं, तेव्हा सूनबाई मला बोलावून घेऊन गेली. मी आजींना पडून, पोटावर हात ठेवायला शिकवलं. त्यांनी चार-पाच श्वास घेतले, डोळे उघडले आणि विचारलं, "एकादशीला पण करायचं काय गं हे?"

"एकादशीला पोट रिकामंच असतंय की आजी, त्या दिवशी तर करायचंच."

"मग दिव्याच्या वेळेलाच करतो," त्या म्हणाल्या. "हरिपाठाच्या आधी."